आणखी काय घेता?

भंडाऱ्यात ओळखीच्या माणसानं ‘बरं हाये ना जी?’ विचारलं की ‘हाये’ म्हणायचं आणि आपल्या वाटेनं लागायचं, एवढीच रीत. साइड इफेक्ट सरांनी विचारलं तर तेवढ्यावर सुटका नाही. ते स्कूटर बाजूला घेतात, स्टँडवर लावतात आणि बाबू सातबाऱ्याकडे बघतो तसे तुमच्या चेहऱ्याकडे बघतात. ‘खोकला कधीपासून?’ तुम्ही फक्त घसा साफ केलेला असतो. ‘बीपीची गोळी कोणती? रॅमिप्रिल? तिनं कोरडा खोकला होतो. बरं, आणखी काय घेता?’

‘काही नाही.’

या ‘काही नाही’वर सरांची निम्मी हयात गेली. लाखनीकडच्या एका निवृत्त गुरुजींनी असंच ‘काही नाही’ म्हटलं, आणि अर्ध्या तासात बाहेर आलं ते असं: सकाळी गुळवेलीचा काढा, जेवणाआधी जांभळाच्या बियांची पूड, गुडघ्यासाठी मेडिकलमधून मागून आणलेली ‘ती लाल गोळी’, नातवाच्या अँटिबायोटिकच्या उरलेल्या दोन कॅप्सूल (टाकवेना म्हणून) आणि झोपताना त्रिफळा. गुरुजी खोटं बोलत नव्हते. झाडपाला औषधात धरत नाहीत, पूड धरत नाहीत, आणि दुसऱ्याची उरलेली गोळी तर घरचीच. औषध म्हणजे डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहिलं ते, आणि तेही परवडलं तर.

सर जिल्ह्यातल्या एका फार्मसी कॉलेजात शिकवतात. खिशात पेन असो नसो, औषधाच्या दुष्परिणामाचा सरकारी फॉर्म असतोच. 2010 साली केंद्र सरकारनं दुष्परिणाम नोंदवण्याचा हा कार्यक्रम सुरू केला. त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादला, इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे, आणि तिथून माहिती जाते स्वीडनमधल्या उप्सालाला, जागतिक आरोग्य संघटनेच्या साठ्यात. 1961 साली थॅलिडोमाइडमुळे हातापायांविना जन्मलेली बाळं जगानं पाहिली, त्यानंतर हा पहारा बसला. सरांच्या दृष्टीनं हिशेब सरळ आहे: साकोलीच्या बाईला खाज सुटली, तर ती उप्सालाला कळली पाहिजे. 1800-180-3024 हा फुकटचा फोन नंबर ते लग्नात आहेराच्या पाकिटावर लिहून देतात. आत एकावन्न रुपये असतात.

स्टाफरूममध्ये त्यांची टिंगल होतेच. गोळीनं त्रास झाला का हे ठरवायला 1981 सालची नारांजो नावाची दहा प्रश्नांची मोजपट्टी आहे. नऊ किंवा त्याहून जास्त गुण आले तर निश्चित, पाच ते आठ संभाव्य, एक ते चार नुसती शक्यता. एका सहकाऱ्यानं ती प्राचार्यांच्या मीटिंगला लावली. मीटिंगनंतर डोकं दुखलं, दोन गुण. मीटिंग संपल्यावर उतरलं, एक. पुढच्या मीटिंगला परत दुखलं, दोन. मागच्या वर्षीच्या मीटिंगांनाही दुखलं होतं, एक. मीटिंग लांबली तसं वाढलं, एक. इतरांचीही तीच तक्रार नोंदलेली, एक. एकूण आठ. सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी कागद ओढून घेतला. ‘कँटीनचा चहा प्यायला होतात ना? दुसरं कारण असू शकतं. एक वजा करा. सात. संभाव्य.’ आणि खाली सही केली.

शेवटच्या वर्षाच्या पोरांचा प्रकल्प ठरलेला असतो: जिल्ह्यातल्या औषधी वनस्पतींचं सर्वेक्षण. इतर ठिकाणी मागच्या वर्षीच्या फाइलवर नवं मुखपृष्ठ चढतं. सर मात्र पोरांना खरोखर नागझिऱ्याच्या अंगाच्या गावांत नेतात. तिथल्या एका वैदानं मुळीचं नाव सांगायला नकार दिला. नाव फोडलं की गुण जातो. सरांनी मग नाव सोडलं आणि फॉर्ममधला पुढचा रकाना धरला.

‘बॅच नंबर?’

‘मांगच्या अवसेची हाये.’

‘एक्स्पायरी?’

‘येत्या अवसेले.’

पोरं तोंडावर वही धरून हसत होती. सरांनी दोन्ही उत्तरं लिहून घेतली आणि बाहेर येऊन पोरांनाच झापलं. या माणसाला दोन्ही तारखा तोंडपाठ आहेत. तुमच्या घरची स्ट्रिप काढा. ती पोरांनी खरंच काढली. मेडिकलवाल्यानं चार गोळ्या कात्रीनं कापून दिलेल्या, नेमक्या छापलेल्या कडेनं. शिल्लक राहिलं होतं गोळीच्या नावाचं शेपूट आणि किमतीतलं एक शून्य.

सर झाडपाल्याच्या विरोधात आहेत असा समज आहे, तो चूक. घरामागं त्यांची स्वतःची गुळवेल कडुलिंबावर चढलेली आहे. कोरोनाच्या काळात जिल्ह्यातल्या भिंतींवरची प्रत्येक वेल लोकांनी काढ्यात घातली, तेव्हा सर त्या वेलींच्या मागं फिरत होते. 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद छापली. आयुष मंत्रालय म्हणालं, ती गुळवेलीची दुसरी बहीण असेल, जिच्या खोडावर फोड असतात. पुढं आणखी रुग्णांवरचे अभ्यास आले आणि वाद वाढला. सरांनी त्यात बाजू घेतली नाही. त्यांनी पोरांना खोडावरून बोट फिरवायला शिकवलं. ‘पान बदामाच्या आकाराचं दोघींचंही. खोड चाचपा. आणि काढा पिणाऱ्याचे डोळे बघा, पिवळे दिसतात का.’ त्या पावसाळ्यात भंडाऱ्यात कुणाच्याही दारात हे सर एखाद्या वेलीला कुरवाळताना दिसायचे.

हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम म्हणजे त्यांची दिवाळी. आशाताई गोळी समोरच गिळायला लावते. लोक गालात धरून हसतात आणि ती वळली की थुंकतात. ज्यांनी गिळली त्यांच्यातल्या एखाद्याला ताप भरतो, गरगरतं, आणि सांजेपर्यंत गावभर होतं की गोळ्या नकली. सर तिथं जवळजवळ आनंदानं पोचतात. ‘ताप आला म्हणजे तुमच्या रक्तात त्या जंतूंची पिल्लं होती! आता मरताहेत!’ हे ते पोरगा पास झाल्यासारखं सांगतात. वाकळीतला माणूस नुसता बघत राहतो.

लाखांदूरकडच्या म्हातारीची गोष्ट मात्र मी स्वतः पाहिली. घरचे खूश होते. वर्षानुवर्षं गुडघ्यानं खाटेला धरलेली बाई बाजारातल्या पांढऱ्या पुडीनं चालू लागली, भूक लागली, चेहरा भरला. शेजारणी म्हणत, सासू सुनेपेक्षा तरणी दिसते. सरांनी तो गोल चेहरा पाहिला, दंडावरचे काळेनिळे डाग पाहिले, बारीक झालेले हात पाहिले आणि गप्प झाले. अशा पुड्यांत कुणी कुणी स्टेरॉइड मिसळतात. दुखणं झाकलं जातं, साखर चढते, हाडं आतून भुसभुशीत होतात.

मुलगा घाबरला. ‘आत्ता फेकतो जी पुड्या.’

‘खबरदार!’ आयुष्यभर ‘बंद करा’ म्हणणारा माणूस ओरडला. ‘एकदम बंद करायची नाही! शरीरानं स्वतःचं बनवणं सोडलेलं असतं. अचानक तोडलं तर बाई आडवी होईल. डॉक्टर सांगतील तसं हळूहळू उतरवायचं.’ मग एक पुडी तपासणीसाठी त्यांनी रुमालात बांधली, म्हातारीला मुलाच्या मोटारसायकलवर जिल्हा रुग्णालयात न्यायचं ठरवलं, आणि तेवढ्यात खिशातून फॉर्म निघालाच.

औषधाचं नाव: पांढरी पुडी. उत्पादक: आठवडी बाजार, मिरचीच्या दुकानाशेजारी. वयावर अडलं. आधारवर 1 जानेवारीची तारीख होती, मुलगा पासष्ट म्हणाला, म्हातारी म्हणाली मालगुजारी गेली तेव्हा मी रांगत होती. सरांनी मालगुजारी गेल्याचं साल 1951 धरून वजाबाकी केली. नावाच्या जागी दोन अक्षरं टाकली आणि झाकण लावलं पेनाला.

‘हे का लिवलं?’

‘आजी, नाव गुप्त ठेवतात. फक्त आद्याक्षरं. हे गाझियाबादला जाईल, मग स्वीडनला.’

‘मंग तिकडं कसं कळंल मी होय म्हनून? पुरं लिवा. गाव लिवा. माझ्या मायबापाचं नाव लिवा. चोरीची पुडी थोडीच घेतली म्या?’

सरांनी नियम समजावला, दोनदा. म्हातारीनं शाई लावायला अंगठा पुढं केला आणि तो मागं घेईना.