धंद्याच्या लॅपटॉपचे संगोपन

ज्यावर कोणी सिनेमा लावला तर घरातल्या मोठ्यांच्या कपाळाला आठी पडते, तो धंद्याचा लॅपटॉप. तो बहुधा काळा किंवा करडा, जाडसर आणि चेहऱ्याने गंभीर असतो. थिंकपॅड, लॅटिट्यूड आणि एलिटबुक ही त्याची तीन नामांकित घराणी. पहिला थिंकपॅड आयबीएमने १९९२ साली आणला. २००५ मध्ये हे घराणे लेनोवोकडे गेले, पण कीबोर्डच्या मधोमध असलेली लाल टिकली जागची हलली नाही. हैदराबादेत रेसिडेन्सी बाजाराचा सुलतान बाजार झाला तेव्हाही पाटी बदलली आणि व्यापार चालू राहिला. ही टिकली माउसचे काम करते. सुलतान बाजारातल्या मराठी घरांत तिला सहसा कोणी बोट लावत नाही. तरीही ती नसेल तर यंत्र ‘कंपनीचे’ वाटत नाही.

या भागात असा लॅपटॉप नवा कोरा क्वचितच येतो. त्याचे बालपण हायटेक सिटीच्या वातानुकूलित मजल्यांवर गेलेले असते. तीनचार वर्षांचा करार संपला की कंपन्या अशी यंत्रे घाऊक काढून टाकतात, आणि त्यांतली बरीचशी झाडूनपुसून सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये मांडली जातात. फेब्रुवारी २०२० मध्ये सुलतान बाजारचे मेट्रो स्थानक सुरू झाल्यापासून परेड ग्राउंडला गाडी बदलून पॅरडाइजला उतरता येते, त्यामुळे खरेदीची दगदग कमी झाली. घेणारा बहुतेक करसल्लागार, साड्यांच्या दुकानाचा हिशेबनीस किंवा वधूवर सूचक मंडळाचा चिटणीस असतो. लॅपटॉपची किंमत घरात कमी करून आणि शेजारी वाढवून सांगितली जाते. पाठीवर जुन्या कंपनीचा मालमत्ता क्रमांक चिकटवलेला असतो. तो काढायचा नसतो. बहुराष्ट्रीय कंपनीशी घराचा आलेला तेवढाच एक संबंध.

दणकटपणाबद्दल विक्रेता एमआयएल-एसटीडी-८१० या अमेरिकी लष्करी मानकाचा दाखला देतो. धूळ, धक्के, थंडी, उकाडा, दमट हवा अशा चाचण्यांच्या पद्धती त्यात दिलेल्या आहेत. खंडेनवमीची पूजा त्यात नाही. अनेक थिंकपॅडांच्या कीबोर्डखाली सांडलेले पाणी वाहून जायला भोके असतात आणि त्यांतून चहादेखील बऱ्यापैकी निघून जातो. अक्षता मात्र जात नाहीत. हळदकुंकू झाकणावर वाहावे, फूल बाजूला ठेवावे आणि पूजा होईपर्यंत झाकण मिटलेले असावे. शास्त्राला हे चालते.

आता बॅटरी. हैदराबादेत बहुतेक वस्त्यांत नळाला एक दिवसाआड पाणी येते. त्यामुळे पिंप, हंडे, बादल्या आणि वेळ आलीच तर डाळ शिजवायचे पातेलेसुद्धा काठोकाठ भरून ठेवण्याचे वळण घराला लागलेले असते. बॅटरीही याच नियमाने भरली जाते. लॅपटॉप रात्रंदिवस प्लगला, आकडा शंभरावर, वरून प्लॅस्टिकचे कव्हर. घरधनी निश्चिंत होतो आणि बॅटरीच्या हालांना सुरुवात होते.

लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की त्याचा दाब सुमारे ४.२ व्होल्ट होतो. या दाबाला आतला द्राव हळूहळू विघटित होऊ लागतो, आणि उष्णता या कामाला हातभार लावते. पूर्ण भरलेली बॅटरी २५ अंश सेल्सिअसला वर्षभर नुसती पडून राहिली तरी सुमारे पाचवा हिस्सा क्षमता गमावते. ४० अंशांना तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडी जास्त. तीच ४० टक्के भरून २५ अंशांना ठेवली, तर नुकसान चारेक टक्क्यांवर भागते. मे महिन्यात हैदराबादचा पारा चाळिशी ओलांडतो आणि कव्हरातल्या यंत्राचा त्याच्याही पुढे जातो. म्हणजे बॅटरीला जपण्याचे जे जे उपाय घरात चाललेले असतात, ते जवळजवळ सगळे तिला लवकर म्हातारी करतात. न वापरल्याने ती वाचत नाही. तिचे वय कॅलेंडरवरही मोजले जाते.

यावर वडीलधाऱ्यांचा तोडगा असा, की बॅटरी पार उतरू द्यावी आणि मगच भरावी. निकेल-कॅडमियमच्या काळात हा सल्ला बरोबर होता. सोनीने १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि २०१९ मध्ये त्या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. सल्ला देणारे गृहस्थ दरम्यान निवृत्त झाले, सल्ला अजून नोकरीत आहे. यात वयाचा दोष नाही, कारण गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. लिथियमच्या बॅटरीला शून्याला टेकणे मानवत नाही. २० आणि ८० टक्क्यांच्या दरम्यानची ये-जा तिला सोसते. दोनचार महिन्यांतून एकदा ती बरीच उतरवून पूर्ण भरली तर टक्केवारी दाखवणारा काटा ताळ्यावर येतो. बॅटरीच्या तब्येतीचा या उपचाराशी संबंध नाही.

धंद्याच्या लॅपटॉपचा खरा मोठेपणा इथे दिसतो. चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सोय त्याच्या सेटिंगमध्ये असते. ती चालू केल्यावर घरात पहिला प्रश्न येतो : उरलेले वीस टक्के कुठे गेले? करसल्लागाराच्या घरी ‘टीडीएस कापला’ एवढ्या उत्तरावर समाधान होते. इतर घरांत लॅपटॉप दुरुस्तीला जातो. महिन्याच्या २० तारखेला, जीएसटीआर-३बी भरायच्या दिवशी, ही मर्यादा उठवून बॅटरी शंभरापर्यंत भरायला हरकत नाही. वीज जायची तर ती त्याच दिवशी जाते.

चार्जरचा विषय कोठीच्या गुजराती गल्लीशिवाय पुरा होत नाही. तिथे चार्जरच्या तीन प्रती मिळतात : ओरिजिनल, ओरिजिनलसारखा आणि ‘कंपनीचाच आहे साब, बस डब्बा नाही’. तिसरी प्रत सर्वांत जास्त खपते. लॅपटॉप मात्र गल्लीतल्या शब्दावर विसंबत नाही. डेलच्या गोल पिनेच्या चार्जरमध्ये मधली बारीक पिन चार्जरची ओळख यंत्राला कळवते; ओळख पटली नाही तर यंत्र चालते, पण बॅटरी भरून घेत नाही. नव्या लॅपटॉपांतल्या यूएसबी-सी चार्जरवर ६५ वॉट किंवा यंत्राला लागतील तेवढे वॉट लिहिलेले असावेत, आणि भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक असावा. चार्जर हातात तोलून पाहण्याचीही प्रथा आहे. हलका निघाला की ग्राहक मान हलवतो, आणि पुष्कळदा त्याचा अंदाज बरोबर ठरतो.

सुलतान बाजारातल्या जुन्या इमारतींत भिंतीवरचे सॉकेटही जुने असते. चार्जरची तिसरी जाड पिन त्यात बसत नाही, म्हणून टू-पिन कन्व्हर्टर लावतात. त्यानंतर धातूच्या झाकणावर मनगट टेकले की बारीक झिणझिण्या येतात. चार्जरमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरांतून अगदी थोडा प्रवाह झिरपत असतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर करसल्लागाराच्या मनगटाकडे वळतो. यावर रबरी चपला घालून बसण्याचा उपाय सर्वमान्य आहे. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग करून घेण्याचा उपायही उपलब्ध आहे.

पंख्याची जाळी वर्षातून एकदा साफ करावी आणि लॅपटॉप गादीवर ठेवू नये. बहुतेक यंत्रे हवा पोटाकडून ओढतात.

बॅटरी किती उरली हे विंडोजला अहवाल मागितला की कळते. मूळ क्षमता आणि आज भरणारी क्षमता हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल, तर ‘परसोंच तर घेतला’ हे विधान मागे घेऊन नवी बॅटरी घ्यावी. तळाचे स्क्रू काढून ती बदलता येते, आणि बड्या कंपन्या या मालिकांच्या दुरुस्ती-पुस्तिका फुकट देतात.

टचपॅड आपोआप वर उचलला गेला तर बॅटरी फुगली असे समजावे, चार्जर काढावा आणि यंत्र बंद करावे. जड पुस्तक ठेवून तो बसवू नये. ज्ञानकोशकार केतकर १९३१ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होऊन हैदराबादेत आले होते; आपल्या खंडांचा हा उपयोग त्यांच्या मनात नसावा. फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबू नये, माळ्यावर ठेवू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, म्हणून ती कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा अधिकृत संकलन केंद्रात द्यावी. कबाडीवाल्याला देऊ नये. तो वजनावर भाव करतो, आणि फुगल्याने वजन वाढत नाही हे विकणाऱ्याला काही केल्या पटत नाही.