अल इत्तिहाद रोडवर अरबी

अरबी शिकायला वर्ग, वही, गुरुजी काही लागत नाही. शारजाहून दुबईला जाणारा अल इत्तिहाद रोड पुरे. राहतं घर शारजात (भाडं कमी म्हणून), नोकरी दुबईत, ही पात्रता ज्याच्याकडे आहे त्याने आजच ध्वनिधडे उतरवून घ्यावेत. धडा असतो तीस मिनिटांचा. सकाळी सव्वासातला लावलात तर तो संपेपर्यंत गाडी शारजातल्याच अन्सार मॉलच्या पुढे सरकलेली नसते.

आधी शास्त्र समजून घ्या. पॉल पिम्सलर या भाषातज्ज्ञाने 1967 मध्ये उजळणीचं वेळापत्रकच आखून दिलं: नवा शब्द 5 सेकंदांनी पुन्हा विचारायचा, मग 25 सेकंदांनी, 2 मिनिटांनी, 10 मिनिटांनी, असं करत शेवटी चार महिन्यांनी आणि दोन वर्षांनी. दोन वर्षांची उजळणी व्हिसाच्या नूतनीकरणाबरोबरच उरकून टाकावी. तोवर नोकरी टिकली असेल तर शब्दही टिकलेला असतो.

आता उच्चार. ‘ऐन’ हे अक्षर घशाच्या तळातून काढायचं असतं, त्यामुळे काचा वर असाव्यात. शेजारच्या लेनमध्ये बहुधा कामगारांची बस असते, खिडकीला डोकी टेकवून सगळे झोपलेले. तुमचा ऐन ऐकून एखाद्याने डोळे उघडले तर उच्चार बरा जमला समजा. दोघांनी मिळून ड्रायव्हरला हाक मारली तर पाणी प्या.

धडे विकत घेताना कोणती अरबी, हे विचारायला लोक विसरतात. मिळते ती बहुतेक इजिप्तची, शामकडची (म्हणजे सीरिया-लेबनॉनकडची) नाहीतर बातम्यांची शुद्ध अरबी. शुद्ध अरबीत कोंबडी मागणं म्हणजे मंडईत जाऊन बखरीच्या भाषेत मेथीची जुडी मागण्यासारखं आहे. शिवाय धड्यातली कोंबडी ‘दजाज’, इमाराती माणसाच्या तोंडी ती ‘दियाय’. तुम्ही ‘कैफ हालुक’ (कसे आहात) घोटून जाता, तो ‘श्हालक’ म्हणतो. अशा वेळी हसून ‘अल-हम्दुलिल्लाह’ म्हणावं, ते सगळीकडे चालतं.

सरावाला माणूस शोधणं हा सगळ्यात अवघड भाग. धड्यातला अरब निवांत असतो, तुम्ही वाक्य जुळवेपर्यंत गप्प उभा राहतो. बाहेर बकाल्यात (किराणा दुकानात) गल्ल्यावर मलबारी, टॅक्सीत पेशावरचे खानसाहेब, दवाखान्यात फिलिपिनो नर्स. खानसाहेबांना ‘इलल अमाम, मिन फद्लक’ असं सांगून पाहा. ते आरशातून बघतात आणि विचारतात, ‘सीधा जाना है ना?’

म्हणून खरा इमाराती गाठावा, शक्यतो वयस्कर. कडक चहाच्या टपरीसमोर गाडीतून हॉर्न वाजवणारे कंदुऱ्यातले (लांब झग्यातले) आजोबा उत्तम. जवळ जा, सलाम करा, पाठ केलेलं वाक्य पूर्ण म्हणा. ते शांतपणे ऐकून घेतील आणि म्हणतील, ‘बोलो भाई, क्या मंगता?’ त्यांना दोष देऊ नका. इथे 1966 पर्यंत भारतीय रिझर्व्ह बँकेने छापलेला रुपया चालत होता. त्या पिढीचा व्यापार, लग्नाची खरेदी, दवाखाना आणि सिनेमा सगळं मुंबईत. कदाचित त्यांना तुमच्यापेक्षा भेंडीबाजार जास्त माहीत असेल. तुम्ही अरबी सोडायची नाही, ते हिंदी सोडणार नाहीत. ज्याचा चहा आधी संपेल तो हरला.

हे जमत नसेल तर ग्राहक सेवेला फोन लावा आणि अरबीसाठी असलेलं बटण दाबा. पलीकडून जे वेगाने येईल त्यात तुमचे तीन शब्द नक्की असतील. तिन्हीला ‘नअम’ (हो) म्हणू नका, नवं सिमकार्ड घरी येतं.

घरी मात्र धडा लावू नये. खासगी शाळांत नववीपर्यंत अरबी सक्तीची आहे. मूल ती कधीही बोलून दाखवत नाही, पण बाप बोलायला लागला की स्वयंपाकघरातून आत येऊन उभं राहतं. ‘बाबा, ती बाई आहे, पुरुषाला बोलतात तसं नका बोलू. आणि आवाज कमी करा, सोमवारी माझा पेपर आहे.’