निकालाचे भाऊ

दहावीचा निकाल दुपारी एकला लागतो. वेबसाइट दोनपर्यंत उघडत नाही. भाऊ मात्र बारालाच ओट्यावर येऊन बसलेले असतात.

वाशिम जिल्ह्यात भाऊ नाहीत असं गाव शोधून दाखवा. रिसोडला ते रिटायर गुरुजी असतात, मंगरूळपीरला पतसंस्थेचे माजी संचालक, आणि मालेगावला कृषी केंद्राच्या बाकावर रोज दोन तास बसून एक पुडीही न घेणारे गिऱ्हाईक. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन (चालू एकच), तोंडात खर्रा. खर्रा तोंडात असेपर्यंत भाऊ फक्त मान हलवतात. ते थुंकायला उठले की समोरच्या पोरानं समजावं, आता आपला नंबर.

"किती पडले?"

"अठ्ठ्याहत्तर."

"हं."

या 'हं'नं पोराच्या मायचा चेहरा उतरतो. शेजारच्या पोरीला चौऱ्याण्णव पडले, तिलाही हाच 'हं' मिळाला होता, हे त्या मायला कोण सांगणार? टक्के कितीही असोत, पुढचं वाक्य ठरलेलं.

"सायन्स घेजो."

"भाऊ, त्याले गणितात अडतीस हायेत," बाप हळूच म्हणतो.

"मंग गणित सोडजो, बायलॉजी घेजो. पण सायन्स घेजो. आर्ट्सले काय हाय?"

आर्ट्सला काय आहे हे भाऊंना पक्कं ठाऊक आहे. ते स्वतः बी.ए. आहेत. 2025 पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले आणि फॉर्मात दहा कॉलेजांपर्यंत पसंती भरायची सोय आली, तेव्हा भाऊंनी नेट कॅफेवाल्याच्या खुर्चीमागं उभं राहून निम्म्या गल्लीचे फॉर्म भरून घेतले. दहाच्या दहा पसंत्या सायन्स. पोराची पसंती विचारायला अकरावा रकाना नव्हता.

असं वाटेल की भाऊ हट्टी आहेत. तसं नाही. भाऊंचा सल्ला बदलतो, फक्त एक हंगाम उशिरा. 2015 ला तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली. मग 2016 ला ज्यानं त्यानं तूर पेरली, पाऊसही बरा झाला, आणि 2017 ला सरकारी खरेदी केंद्रांसमोर ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. त्या रांगेत भाऊही आपल्या पोत्यांवर बसून होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "लोकाईले अक्कल नाई राजा. मांगच्या साली भाव भेटला, का पेर तेच!"

हे बोलणाऱ्या भाऊंनी त्याआधी दहा वर्षं डीएड पेरलं होतं. बारावी झाली की डीएड, पोरगा असो की पोरगी. दोन वर्षांत मास्तर, पहिल्या तारखेला पगार, आणि मास्तर म्हटलं की सोयरिकीला रांग. डीएडची कॉलेजं उगवली, डोनेशनसाठी वावरं गहाण पडली. मग 2012 ला सरकारनं शिक्षक भरतीवर बंदी घातली, 2013 ला टीईटी आली, आणि भाऊंच्या हातचं ते सगळं पीक उभ्या उभ्या वाळलं. त्या पोरांपैकी कोणी आज काळीपिवळी चालवतो, कोणी दुधाचा धंदा करतो. बरे आहेत. लग्नाच्या पत्रिकेवर नावापुढं 'डी.एड.' छापून घेतात, एवढाच काय तो उपयोग झाला.

मग भाऊ इंजिनिअरिंगकडे वळले. ते वळले तेव्हा राज्यातल्या कॉलेजांत जागा ओस पडायला लागल्या होत्या. पुढं बी.एस्सी. अ‍ॅग्री. नंतर नीट, त्यासाठी पोरं अकोल्याला किंवा नांदेडला खोली करून ठेवायची. वाशिमला 2024 साली सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि भाऊंना आकाश ठेंगणं झालं. "आता कॉलेजच दारात आलं! डॉक्टर व्हाले काय लागते?" जागा शंभर, त्या भरायच्या नीटच्या गुणांवर, आणि अर्ज अख्ख्या महाराष्ट्रातून. दार जवळ आलं म्हणून उंबरठा बुटका होत नाही. पण भाऊंचा हिशोब अंतराचा असतो: अकोल्यापेक्षा वाशिम जवळ, म्हणून डॉक्टर होणं सोपं.

भाऊंवर हसणं सोपं आहे. पण सातवी शिकलेला, पाच एकराचा कास्तकार बाप दुसऱ्या कोणाला विचारणार? अकोल्याचा क्लासवाला सल्ला देतो, तर शेवटी पावती फाडतो. भाऊ चहावर भागवतात.

भाऊंना एकच प्रश्न विचारायचा नसतो. तो कोणीतरी विचारतंच.

"भाऊ, तुमचा पोरगा काय करून रायला?"

"पुण्याले हाय."

"हो, पण करते काय?"

"पुण्याले हाय ना."

वऱ्हाडात हा एक व्यवसाय आहे. सदाशिव पेठेत खोली, अभ्यासिकेत खुर्ची, एमपीएससीची जाहिरात निघायची वाट, आणि संक्रांतीला गावाकडून आलेलं तुरीच्या डाळीचं पोतं. पोरगा इंजिनिअर आहे. भाऊंच्याच सल्ल्यानं झाला. भाऊंच्या घरात भाऊंचा सल्ला ऐकणारा तो एकटाच निघाला.

आयटीआयचं नाव मात्र भाऊंपुढं काढायचं नाही. शेलूबाजारजवळच्या एका कास्तकारानं पोराला दहावीनंतर इलेक्ट्रिशियनला टाकलं, तेव्हा भाऊ खर्रा न थुंकताच बोलले, एवढा तो प्रसंग गंभीर होता. "पोरगं वाया गेलं म्हणून समज." आयटीआयची दोन वर्षं झाली की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, हे बापानं सांगून पाहिलं. "हे सगळं कागदावर असते," भाऊ म्हणाले. पोरानं दोन वर्षं केली, चाकणला अप्रेंटिसशिप केली, खोलीभाड्यात पगार जातो हे पाहून परत आला आणि बसस्टँडामागं मोटर वाइंडिंगचं दुकान टाकलं.

परवाच्या डिसेंबरात भाऊंची पाणबुडी मोटर जळाली. हरभरा फुलावर, लाईन रात्रीची, विहिरीला पाणी भरपूर आणि वर यायला वाट नाही. जवळचं वाइंडिंगचं दुकान एकच. तिथं चार मोटरी आधीच नंबर लावून उभ्या. भाऊंचा नंबर लागला तेव्हा ते स्टुलावर येऊन बसले.

पाणबुडी मोटरीचं वाइंडिंग पाहण्यासारखं असतं. जळालेली तार ओढून काढायची, खाचा साफ करायच्या, मग प्लास्टिक चढवलेली तांब्याची तार एकेका खाचेतून हातानं ओवायची, एकेक फेरा मोजत. पोरगा मांडी घालून बसला होता आणि तोंडातल्या तोंडात मोजत होता.

"एकोणतीस... तीस..."

"मी काय म्हणतो," भाऊ म्हणाले, "मुक्त विद्यापीठातून बी.ए. करून टाक. बाहेरून होते."

"एकतीस..."

"मंग स्पर्धा परीक्षा देता येते."

"भाऊ," पोरानं तार दातात धरली, "फेरा चुकला तं मोटर परवा परत जळन. तुमचीच हाय."

भाऊ चक्क अर्धा तास गप्प बसले. त्या अर्ध्या तासात दोन माणसं पैसे देऊन गेली, एक उधारीवर गेला, आणि एकाला "परवा या" सांगितल्यावर तो पोराला हात जोडून गेला. भाऊंनी हे सगळं पाहिलं. खिशातला चालू पेन काढून तळहातावर काहीतरी गुणाकार केला. महिन्याच्या किती मोटरी, एका मोटरीमागं किती सुटतात. गुणाकार दोनदा केला.

तेवढ्यात एक ओळखीचा कास्तकार स्टार्टर घेऊन आला. सोबत पोरगं.

भाऊ उठले. बाहेर जाऊन थुंकले.

"कितवीले हाय?"

"दहावीले, भाऊ. सायन्सच द्याचं म्हणतो, तुमी सांगतलं तसं."

"सायन्सले काय हाय?" भाऊ म्हणाले. "आयटीआय कर. इलेक्ट्रिशियन. अन् असं वाइंडिंगचं दुकान टाक. म्या तं आता सगळ्याईले हेच सांगनार हाय, पार मानोऱ्यापासून कारंज्यालोक!"

आतून तारेचं भेंडोळं खाली पडल्याचा आवाज आला.

"भाऊ," पोरगा हात जोडून बाहेर आला, "मोटरीचे पैसे नका देऊ. पन हे नका सांगू."