पंचाहत्तर जमा, पन्नास वाटप

पंचवीस रुपयांत लाखो जिंकता येतात, ही बातमी खालापूर तालुक्यात माझ्या भाच्याने आणली. ऑनलाइन पोकरच्या टेबलावर तिघांनी बसायचं, प्रत्येकी पंचवीस भरायचे. मग पडद्यावर चाक फिरतं आणि बक्षीस किती ते ठरतं. बहुतेक वेळा चाक दुपटीवर थांबतं. म्हणजे जमा पंचाहत्तर, जिंकणाऱ्याला पन्नास.

"आणि उरलेले पंचवीस?"

"थोडं कंपनीचं कमिशन, मामा. बाकी जॅकपॉटवाल्याचे."

"तो कोण?"

"तो लागायचाय अजून."

आमच्या आळीत भिशी चालवणाऱ्या वहिनींनी असा हिशेब दाखवला असता, तर बायकांनी त्यांना अनवाणी बोरघाट चढायला लावला असता.

पण हा म्हणे कौशल्याचा खेळ. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं, आणि रमीच्या त्या पालखीत पोकरवालेही चढून बसले. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकर हा जुगारच ठरवला. पण आमची लोकल काही गुजरातला जात नाही. माझी शंका एवढीच, की चाक आधी फिरतं आणि कौशल्य मागून येतं. शिवाय पोकरचं मोठं कौशल्य म्हणजे चेहरा कोरा ठेवणं. मोबाईलवर तो बघणार कोण? मी अंबरनाथपासून नेरळपर्यंत निर्विकार बसलो, तर समोरच्या काकांनी विचारलं, "छातीत दुखतंय का?"

त्यात आमचा भूगोल. कर्जतला गाडी बदलून खोपोलीकडे निघालं, की पळसदरीच्या आसपास रेंज जाते. आपण ऑल-इन म्हणायला बोट उचलावं आणि पडद्यावर नुसतं गोल फिरत राहावं. तेवढ्यात वेळ संपतो, ॲप आपले पत्ते परस्पर टाकून देतं. केळवलीला रेंज येते तेव्हा समजतं, की आपण एक्क्यांची जोडी सोडून दिली. समोरचा कोणी चंदीगडचा माणूस आपल्याला फार मुरलेला खेळाडू समजत असणार.

ऑक्टोबर २०२३ पासून पैसे भरताना २८ टक्के जीएसटी लागला. निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस होताच. टेबलावर तिघं दिसत, पण चौथं सरकार बसलेलं असे, आणि ते एकदाही हरलं नाही.

२०२५च्या जुलैत तर विधिमंडळात कृषिमंत्र्यांच्या मोबाईलवर रमी दिसल्याचा गाजावाजा झाला. ती जाहिरात होती, असं ते म्हणाले. पुढे त्यांच्याकडे क्रीडा खातं आलं. खातेवाटपातही विनोदबुद्धी लागते. ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच घातली. शिक्षा खेळवणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. ॲपने शिल्लक काढून घ्या म्हणून कळवलं. भाच्याची शिल्लक अठरा रुपये निघाली. त्यात कर्जतला एक वडापाव आला.

आता तो आमच्या डब्यातल्या मेंढीकोटात बसतो. मांडीवर आडव्या बॅगा, त्यावर कोणाचा तरी रुमाल, आणि हुकूम विसरला तर तिघांच्या शिव्या. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "यात जॅकपॉट काय असतो?"

पत्ते पिसता पिसता आमचे अण्णा म्हणाले, "खिडकी."