नैतिक उजेड

आमच्या नगरपालिकेने चौकाचौकांत डिजिटल फलक लावायचं ठरवलं, तेव्हा एका नगरसेवकाने शंका काढली, "यातला पैसा नैतिक मार्गाने येईल ना?" सभागृह गार पडलं. मग नैतिकतेसाठी सल्लागार नेमला गेला. अर्थात विनानिविदा.

सल्लागारांचा पहिला प्रस्ताव वाढदिवसांचा. फ्लेक्सवर एका खांबाला एकच नेता मावतो, इथे दर दहा सेकंदांनी नवा येईल, शिवाय रीतसर पावती फाडून. एवढ्यापुरता प्रस्ताव चांगलाच होता, खांब तरी मोकळे झाले असते. पण त्याला एक पोटकलम निघालं: नावाआधी 'भावी आमदार' लिहायचं असेल तर वेगळी अनामत, निवडून आल्यास परत. लेखाधिकाऱ्यांनी इच्छुकांच्या यादीवर नजर टाकली आणि ती रक्कम सरळ उत्पन्नात धरली.

मग चकाकीचा मुद्दा आला. मुंबई महापालिकेच्या नव्या धोरणानुसार डिजिटल फलकाची चमक आजूबाजूच्या उजेडाच्या तिपटीच्या वर जाता कामा नये. सल्लागार हसले. "नियम मोडायचाच नाही. आजूबाजूचा उजेड वाढवायचा. समोर दुसरा फलक लावू."

त्या दोन फलकांच्या मधल्या इमारतीत माणसं राहतात, असं कुणीतरी सुचवलं. त्यावरही योजना तयार होती: दरमहा ठरावीक रक्कम भरा, रात्री दहानंतर फलक बंद. ही खंडणी होत नाही का, असं विचारल्यावर कळलं की पावती दिली की होत नाही.

आकाराचा विषय मी काढला. मुंबईत मर्यादा 40 बाय 40 फुटांची. घाटकोपरला रेल्वे पोलिसांच्या जागेवर 120 बाय 120 फुटांचं होर्डिंग उभं राहिलं, म्हणजे क्षेत्रफळाने नऊपट. लिम्का बुकात त्याची नोंदही झाली. 13 मे 2024 च्या वादळात ते शेजारच्या पेट्रोल पंपावर कोसळलं आणि 17 माणसं गेली. जागेतून उत्पन्न काढायला सगळे तयार असतात, पाया मोजायला मात्र कुणाची नेमणूक नसते. सल्लागारांनी नोंद करून घेतली. "पण ते डिजिटल नव्हतं," असंही म्हणाले.

शेवटी अभ्यासदौरा ठरला, ब्राझीलच्या साओ पाउलोला. तिथे 2007 पासून कायद्याने सगळी होर्डिंगं उतरवली आहेत. पाहण्यासारखं काही उरलेलंच नाही, म्हणून दौरा आठ दिवसांचा. खरं तर तिथे बघण्याजोगी एक गोष्ट आहे. काही वर्षांनी त्या शहराने जाहिराती परत येऊ दिल्या, पण रस्त्यावरची घड्याळं आणि बसथांबे यांच्यापुरत्याच. ठेकेदाराने थांबा बांधायचा, सांभाळायचा, आणि त्या बदल्यात जाहिरात लावायची. लोकांना आधी वेळ कळते, मग साबण. माझ्या मते नैतिक उत्पन्न म्हणतात ते एवढंच, आणि त्याला सल्लागार लागत नाही.

तेवढ्यासाठी मी विचारलं, "आपल्या फलकावर बस कधी येणार ते दिसेल ना?"

"छे, जागा कुठे आहे? त्यासाठी ॲप काढतोय."

"आणि ॲपचा खर्च?"

"जाहिराती आहेत की!"