बारदाना वजा जाता

सोयाबीनचा हंगाम सुरू झाला की आमच्या चौसाळ्यात बप्पांच्या आडतीवर एक वाक्य दिवसभर ऐकू येतं : "काट्याला काय तुझं-माझं कळतंय का?" शेतकरी पोत्याकडे बघतो, काट्यावरच्या लाल आकड्यांकडे बघतो, घरी मोजून आणलेला माल इथं कमी कसा भरला याचा मनात हिशेब करतो आणि गप्प बसतो. या वाक्याला उत्तर नाही. बप्पांच्या वडिलांनी ते तराजूच्या काळात म्हटलं, बप्पांनी इलेक्ट्रॉनिक काट्यावर म्हटलं. दोघांचंही दुकान त्यावर नीट चाललं.

तेच बप्पा सकाळी हमाल यायच्या आत स्वतः त्या काट्यावर चढतात.

चढण्याचा एक विधी आहे. आधी चपला. मग मोबाइल, किल्ल्यांचा जुडगा, पाकीट आणि बंडीच्या खिशातल्या चिठ्ठ्या, हे सगळं गल्ल्यावर निघतं. गळ्यातली तुळशीची माळ निघत नाही, पण तिचं वजन मनात वजा होतं. मग काटा झिरो करायचा, उजवा पाय, डावा पाय, छातीतला सगळा श्वास बाहेर, आणि डोळे मिटून दहापर्यंत मोजायचं. डोळे उघडल्यावर आकडा आवडला नाही तर पाट्याच्या कोपऱ्यावर सरकून बघायचं. कोपऱ्यावर काटा शंभर-दोनशे ग्रॅम कमी दाखवतो असा त्यांचा शोध आहे. शेतकऱ्याचं पोतं मात्र आजवर कधी कोपऱ्यावर ठेवलेलं मी पाहिलं नाही. माझं दुकान समोरच आहे, त्यामुळे हे सगळं मला चहाबरोबर रोज फुकट दिसतं.

मग वही निघते. लाल कापडी बांधणीची, आडतीचीच. रकानेही आडतीचेच : ढोबळ वजन, बारदाना, कटती, निव्वळ वजन. "ढोबळ ८८.४. बारदाना (धोतर, बंडी) ०.९. कटती (रात्रीचं पाणी) ०.५. निव्वळ ८७." खाली शेरा : "काटा ओट्यावर होता." दुसऱ्या दिवशीचा शेरा : "सप्ता." तिसऱ्या दिवशीचा : "पोट साफ नाही." ती वही वर्षभर चाळली तर निव्वळ वजन सारखं उतरताना दिसतं, कारण कटती वाढत जाते. ढोबळ वजन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अठ्ठ्याऐंशीच्या खाली उतरायला तयार नाही. "चालूचालू टाचा झिजल्या," बप्पा म्हणतात, "पण काटा हलंना गेलाय."

आणि चालण्यात बप्पांची कसूर नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. धुळे-सोलापूर हायवे गावाजवळून जातो. जुनी मंडळी त्याला अजून दोनशे अकरा म्हणतात, नव्या पाट्यांवर तो बावन्न आहे. त्या हायवेच्या कडेनं पहाटे मांजरसुंब्याच्या दिशेनं तोंड करून बप्पा निघतात. डोक्याला मफलर, हातात कुत्र्यासाठी काठी, पायात मुलानं संभाजीनगरहून आणलेले पांढरे बूट, अंगात धोतर. ट्रकवाले त्यांना ओळखतात, हॉर्न वाजवून रामराम घालतात. पावसात छत्री घेऊन चालतात, थंडीत घोंगडी घेऊन. धाकट्या मुलीच्या हळदीच्या दिवशीसुद्धा चालून आले आणि मगच मांडवात बसले.

सुरुवात झाली ती बीडच्या डॉक्टरांनी रक्त तपासून साखरेचा आकडा काठावर असल्याचं सांगितलं तेव्हा. वजन होतं ९४. मराठवाड्यात तेव्हा घरोघर दीक्षितांचं नाव होतं. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हा शिकवणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित, त्यांच्या आधी हीच आहारपद्धत मांडणारे नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार, हे सगळं बप्पांना पाठ. कडकडून भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा जेवायचं. प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं. आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. यातली ५५ मिनिटं बप्पांनी फार मनावर घेतली. ताटाशेजारी गजर लावून ठेवायचे. डॉक्टरांचा अर्थ तेवढ्या वेळात उरका असा होता. बप्पांनी तेवढा वेळ आपल्या हक्काचा आहे असा घेतला. पन्नासाव्या मिनिटाला भात संपला तर उरलेल्या पाचात केळं, लाडू, वाटीभर दही बसवायचे. सूनबाई दारात पोळी घेऊन उभी, आणि बप्पा घड्याळाकडे बघत : "आण, अजून तीन मिनिटं हायती."

पुढं कुणीतरी आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचा व्हिडिओ पाठवला. दर दोन तासांनी थोडं थोडं खा, तुपाला भिऊ नका. बप्पांना हेही पटलं. तुपाचं तर फारच पटलं. मोठ्या माणसांच्या वादात आपण कुणाचीच बाजू घेऊन दुसऱ्याला दुखवू नये म्हणून त्यांनी दुपारपर्यंत दीक्षित आणि दुपारनंतर दिवेकर असा तोडगा काढला.

तरी पहिल्या चार महिन्यांत सहा किलो गेले, हे खरं. बप्पांनी आडतीवर पेढे वाटले. पेढे कुंथलगिरीच्या खव्याचे. या खव्याला भौगोलिक मानांकन आहे, हेही प्रत्येक पेढ्याबरोबर सांगितलं. त्यानंतर काटा जो बसला तो बसलाच.

उपायांची कमी नव्हती. सकाळच्या फिरणाऱ्यांत एक निवृत्त गुरुजी, एक मेडिकलवाले आणि एक पतसंस्थेचे माजी चेअरमन आहेत. गुरुजींनी जिऱ्याचं पाणी सांगितलं, मेडिकलवाल्यांनी मेथीचं, चेअरमननी दुधीचा रस. बप्पांनी तिन्ही घेतले. शिवाय जेवणही.

आता बप्पांचं दुसरं वाक्य. पहिलं शेतकऱ्यांसाठी, हे स्वतःसाठी : "एवढ्यानं काय होतंय?"

चालून परत येताना कोपऱ्यावरच्या हॉटेलात पहिला घाणा निघालेला असतो. बप्पा भजी मागवत नाहीत. मागवतात गुरुजी. बप्पा फक्त उचलतात. "चाललोय की साडेचार किलोमीटर, एवढ्यानं काय होतंय?" घरी मुरमुऱ्यांचा सुशीला, त्यावर शेंगदाण्याची चटणी, चटणीत खळगा करून तेल. एकादशीला उपास कडक, म्हणजे भगर, शेंगदाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा चिवडा. पाणी मात्र देवाला हात जोडल्याशिवाय पीत नाहीत. सप्ताहात काल्याच्या दिवशी पंगतीत बुंदी नको म्हणायची नसते, तो प्रसाद आहे. पौषात हुरडा. हुरड्याला तर बप्पांच्या लेखी वजनच नाही, कारण तो पोत्यात भरून काट्यावर येत नाही. आगटीतून निघतो, हातावर चोळला जातो आणि गूळ-दह्याबरोबर संपतो.

बप्पांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, यावर एकच म्हणणं : "चालून येतेत अन् दीड भाकर जास्त खातेत. आदी बसूनच ऱ्हायचे तवा बरे व्हते."

काकू शाळेत चौथीपर्यंत गेल्या, पण अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारा बप्पांचा पुतण्या दिवाळीला आला तेव्हा त्यानं कागदावर आकडे मांडून जवळजवळ तेच सांगितलं. किलोभर चरबीत सात हजार सातशेच्या आसपास कॅलरी असतात. बप्पांच्या देहाला साडेचार किलोमीटर चालायला अडीचशेच्या आसपास लागतात. म्हणजे महिनाभर एक दिवस न चुकता चालावं, वर एक घासही जास्त खाऊ नये, तेव्हा किलो उतरायचा. आणि मोठा चमचाभर तेलातच एकशे वीस. भज्यांची प्लेट म्हणजे जाताना केलेलं सगळं येतानाच परत.

बप्पा कागदाकडे बराच वेळ बघत राहिले. "तोलाई-हमालीच एवढी जाते तर धंदा कशाला करावा?" म्हणाले.

"अन् मग ते पहिले सहा किलो? ते कसे गेले?"

पुतण्यानं सांगितलं, शरीर थोडी साखर यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं, तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं कमी झालं की आधी ही साखर वापरली जाते आणि तिच्याबरोबर पाणी निघून जातं. सुरुवातीच्या किलोंत चरबीबरोबर हे पाणीही बरंच असतं.

बप्पांचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदा वैद्यकशास्त्र त्यांच्या धंद्याची भाषा बोललं होतं. "म्हंजी हवा गेली! ओला माल होता, वाळला. आता जे ऱ्हायलं ते कोरडं. कोरड्या मालाला कटती कशी बसंल?"

पुतण्याला हे खोडता आलं नाही. त्यानं पुढचं सांगितलं. वजन उतरायला लागलं की शरीर खर्चाला हात आखडतं घेतं. अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवण्याची स्पर्धा व्हायची. तिच्यातल्या चौदा जणांना सहा वर्षांनी तपासलं, ते २०१६ साली छापून आलं. बहुतेकांचं वजन पुष्कळसं परत चढलेलं, आणि तरी त्यांचं शरीर बसल्या जागी जेवढं जाळायला हवं त्यापेक्षा दिवसाला पाचशेच्या आसपास कॅलरी कमी जाळत होतं.

"बरोबर हाय त्याचं," बप्पा म्हणाले. "दुष्काळ पडला की आपण काय करतो? एक दिवा बंद, एक हमाल कमी, पाव्हण्याला चहा हाफ. शरीरबी बीड जिल्ह्यातलंच हाय की." मग थोडं थांबून : "पण आता पाऊस पडलाय, हे त्याला सांगायचं कुणी?"

पाऊस तर रोज पडतोय, असं काकू आतून म्हणाल्या.

पुतण्या हौशी होता, त्यानं टांझानियातल्या हाडझा लोकांचंही सांगून टाकलं. शिकार करून, कंद खणून जगणारी ही माणसं दिवसभर पायी असतात. पण २०१२ साली मोजलं तेव्हा, अंगाच्या मानानं, त्यांचा दिवसाचा एकूण खर्च अमेरिकेतल्या खुर्चीवरच्या माणसांइतकाच भरला. हे सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी बप्पा बूट हातात घेऊन ओट्यावर बसून राहिले आणि पन्नास किलोचे कट्टे पाठीवर घेऊन ट्रकमध्ये चढणाऱ्या आपल्या हमालाकडे बघत राहिले. हमाल काटकुळा आहे. दुपारी तीन भाकरी खातो. बप्पांनी त्याला काट्यावर उभं केलं. ५४. मोबाइलसकट, चपलांसकट, तंबाखूच्या पुडीसकट ५४. बप्पांनी त्याला कटती लावली नाही.

पण त्याच्या पुढच्या दिवशी हायवेला होतेच. या माणसाचं मला हेच कळत नाही. ज्या गोष्टीत नफा नाही असं स्वतःच्या वहीनं रोज सांगितलं, त्या गोष्टीला बप्पांनी दुसरीकडे कुठं हात लावला नसता. तूर पडली की तूर सोडली, कांद्यात हात पोळले की कांदा सोडला. चालणं सोडत नाहीत.

आणि नफा नाही असंही नाही. साखर काठावरून खाली आली. कमरेच्या करदोऱ्याला दोनदा गाठ मारून झाली. मागच्या कार्तिकात आम्ही कपिलधारला मन्मथस्वामींच्या दर्शनाला गेलो, तेव्हा परत चढून येताना गुरुजी दोनदा बसले, चेअरमन तीनदा, आणि बप्पा वर जाऊन सगळ्यांसाठी रसवंतीत ऑर्डर देऊन मोकळे. (माझ्या दमाचा इथं विषय नाही.) पुतण्यानं त्यांना सांगून पाहिलं, काका, काटा सोडा, टेप घ्या, कंबर मोजा, आपल्याकडच्या पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत असली म्हणजे ठीक. बप्पांनी ऐकून घेतलं. "टेपचा धंदा कापडवाल्याचा," म्हणाले. "आपलं जे काय हाय ते काट्यावर."

मग सगळा दोष काट्यावर आला. काटाच जास्त दाखवतोय, या निष्कर्षाला बप्पा आले तेव्हा नेमकी त्याच्या वार्षिक तपासणीची वेळ झाली होती. वैधमापनचे साहेब यायचे म्हटलं की बाजारातले आडते आदल्या दिवशी जरा गप्प असतात. बप्पा नव्हते. बप्पांनी ओटा धुऊन घेतला, काटा स्वतः पुसला, खुर्ची टाकली, आणि पाहुणा बघायला येणार असल्यासारखे दारात उभे राहिले. साहेबांनी वीस-वीस किलोची प्रमाणित वजनं एकेक करून पाट्यावर ठेवली. वीस. चाळीस. साठ. ऐंशी. मध्ये ठेवली, चारही कोपऱ्यांवर ठेवली. सगळीकडे तेवढंच.

"एकदम ओके काटा आहे, बप्पा," साहेब म्हणाले. "ग्रॅमचा फरक नाही."

काटा बरोबर निघाला म्हणून तोंड पाडलेला आडत्या साहेबांनी नोकरीत पहिल्यांदाच पाहिला असावा. "नीट बघा की साहेब," बप्पा म्हणाले. "थोडा जास्त दाखवत असंल. मध्ये तर नक्कीच."

"नाही हो. विश्वास नसेल तर मीच उभा राहतो." साहेब हसत हसत बुटांसकट पाट्यावर चढले. आकडे भराभर पळाले आणि थांबले. ९६.२.

साहेबांचं हसू गेलं. खाली वाकून त्यांनी आकडा पुन्हा वाचला. मग हळूच उजव्या हाताला, कोपऱ्याकडे सरकले.

बप्पांनी त्यांचा हात धरून त्यांना खाली उतरवलं. खुर्चीत बसवलं. हमालाला चहा सांगितला, साहेबांचा बिनसाखरेचा. गल्ल्यातून वही काढली, कोरं पान उघडलं, वर तारीख टाकली.

"बुटाचे एक, बेल्टचा पाव, पाकिटाचा पाव," बप्पा लिहीत म्हणाले. "घाबरायचं नाही साहेब. सकाळी चालायचं, साडेचार किलोमीटर. पहिले सहा किलो पटकन जातेत."

"आणि पुढचे?"

"चहा घ्या," बप्पा म्हणाले.