दाराखालची फट

काष्टीच्या शनिवारच्या बाजारातून लोक बैल आणतात, शेळ्या आणतात, कांद्याचं रोप आणतात. आमचे नाना गोचीड आणायचे. बैल घ्यायचा असो नसो, शनिवारी दावणीवरून एक चक्कर मारल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. दुपारी परत आले की आजी ओट्यावरच आडवी उभी. "आधी धोतार झटक, मंग उंबरा वलांड." निऱ्यांतून एखादी गोचीड टपकन पडायचीच. नाना चपलेखाली तिचा निकाल लावत म्हणायचे, "बैल न्हाई घेतला, पर रिकाम्या हातानं आलो आसं म्हणू नगंस."

तेव्हाचं घर मातीच्या भिंतींचं, वर माळवद. त्या घराला फट नव्हती असं नाही. फटींनाच अधूनमधून भिंत होती. उंदीर होते, चिचुंद्री होती, न्हाणीच्या मोरीत घूस होती. कणगीला शेणमातीचा हात फिरवताना आजी बुडाशी जास्त जाड लिंपायची आणि कडुलिंबाचा पाला भरताना पुटपुटायची, "आता बघू कसा येतो." तो यायचा. गणपतीच्या दहा दिवसांत मात्र त्याच उंदरापुढे आम्ही मोदकाचा तुकडा ठेवायचो, आणि अकराव्या दिवशी सापळा.

मी स्लॅबचं घर बांधलं तेव्हा वाटलं, हा सगळा गोतावळा जुन्या मातीबरोबर गेला. फरशी, सरकत्या खिडक्या, लोखंडी दार. पहिली दिवाळी सुखात गेली. मग शेजारच्या उसाला तोड आली. श्रीगोंदा तालुक्यात उसाजवळ घर असलेल्याला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. बारा-चौदा महिने उभा असलेला ऊस म्हणजे उंदराघुशींचं भरलेलं गाव असतं. कोयता चालू लागला की ते गाव दोन-तीन दिवसांत उठतं. ज्याचं घर बांधाला लागून, त्याच्याकडे पहिला मुक्काम. त्यांच्यामागून धामणही येते, पण ती निदान उंदरांसाठी येते. आमच्या ज्वारीशी तिला घेणं नाही.

गवंड्याला बोलावलं. त्याने घराला एक फेरी मारली आणि माझ्या खिशातली पेन्सिल मागून घेतली. (मी मास्तर, खिशात पेन्सिल असतेच.) भिंतीतून पाइप बाहेर येतो तिथं ती घातली; सहज आत गेली. "गुरुजी, पेन्शील शिरली तर उंदीर शिरला. टकुरं आत गेलं की बाकीचं आंग तो ओढून घेतो." पुढे वाचनात आलं की लहान उंदराला सहा मिलिमीटरची फट पुरते, म्हणजे गवंड्याचं माप पुस्तकाला धरूनच होतं. त्याने भोकांत सिमेंटबरोबर बाटलीच्या काचा ठासल्या, कारण नुसतं सिमेंट ओलं असतानाच उकरलं जातं. मोरीला जाळी, खिडक्यांना डासांची जाळी, आणि शेवटी दाराखाली रबराची पट्टी. दार लावलं की पट्टी फरशीवर 'सर्र' करायची. तो आवाज ऐकत मी आठवडाभर उगाचच दार लावत-उघडत होतो. ही म्हणाली, "पुरे आता, बिजागऱ्या झिजतील."

मग तूरडाळीचा डबा उघडला. झाकण घट्ट, वर बिजागरीचा चाप, आणि आत भुंगेरे आरामात फिरताहेत. हे आले कुठून? तर शेतातून. भुंगेऱ्याची मादी उभ्या पिकातच शेंगेवर अंडी घालते. अळी दाण्यात शिरते आणि दाण्याबरोबर मळणी, पोतं, दुकान असा प्रवास करत आपल्या डब्यात उतरते. गव्हाच्या सोंड्याचं तर आणखी पुढचं. त्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडं ठेवते आणि वरून ते लिंपून टाकते. तिचं काम आमच्या गवंड्याहून सफाईदार. काचेचीही गरज नाही. आपण झाकण लावतो ते चोराला आत घेऊन. उन्हाळ्यात धान्याला कडक ऊन देण्याचा आणि डाळीला एरंडेल चोळण्याचा आजीचा हट्ट तेव्हा कुठे कळला. एरंडेल लावलेल्या दाण्यावर घातलेली अंडी सहसा पुढे जात नाहीत. (गव्हात विषारी गोळ्या टाकून त्याच खोलीत झोपणारी घरं मात्र मी पाहिली आहेत. त्या गोळ्यांचा वायू सोंडा आणि माणूस असा भेद करत नाही. कृपा करून तसं करू नका.)

झुरळाने तर माझं भूगोलाचं ज्ञानही काढलं. लेकाने पुण्याहून मिक्सर पाठवला. खोका चांगला म्हणून हिने माळ्यावर ठेवला. महिन्याभरात ओट्यामागे लहान, तपकिरी झुरळं. या जातीची मादी अंड्यांची पिशवी पोटाशी लावून फिरते, एका पिशवीत तीस-चाळीस पिल्लं. नाव जर्मन झुरळ. 1767 साली लिनियसने ठेवलेलं. जर्मन लोक त्याला रशियन म्हणत, रशियन लोक प्रशियाचं. कुणीच आपलं म्हणायला तयार नाही. शेवटी 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची आनुवंशिक कुंडली मांडली, तर मूळ निघालं भारत किंवा म्यानमारच्या बाजूचं, सुमारे 2100 वर्षांपूर्वीचं. म्हणजे मी ज्याला परका म्हणून चपलेने हाकलत होतो, तो सगळं जग फिरून माहेरी आला होता. चप्पल मी तरीही खाली ठेवली नाही. खोका मात्र त्याच दिवशी चुलीत गेला.

आता आमच्याकडे पिशवी ओट्यावरच रिकामी होते, खोका उंबरा ओलांडत नाही, आणि बाजारातून आलो की ही म्हणते, "आधी झटका." स्वर थेट आजीचा. पाल तेवढी ट्यूबलाइटमागे ठेवली आहे. ती किडे खाते, शिवाय मी काही ठामपणे बोललो की चुकचुकते. घरात एवढी तरी दाद हवी.

परवा मात्र दाराखालच्या पट्टीचा कोपरा कुरतडलेला दिसला. म्हटलं, उसातलाच कोणीतरी असणार, बाहेरून प्रयत्न करून गेला. चष्मा लावून खाली वाकलो. रबराचा चुरा घरातल्या फरशीवर पडला होता, आणि दातांच्या खुणा आतल्या बाजूने होत्या.